ऊर्जा-संशोधनाचे खुले दफ्तर : नोंद, अहवाल आणि पडताळणी

प्रास्ताविक

पदवी वर्गातील पर्यावरण अभ्यासाचा एक प्रकल्प तपासणीसाठी आला आहे, अशी कल्पना करावी. विषय आहे ‘पर्यायी इंधने’. तिसऱ्या पानावर विद्यार्थिनीने लिहिले आहे की, अमेरिकेने तळ्यातील शेवाळापासून डिझेल तयार करण्यात यश मिळवले असून ते पेट्रोलियमला स्वस्त पर्याय ठरले आहे. आधार म्हणून खाली कुठल्याशा संकेतस्थळाचे नाव आहे. या विधानाचा पहिला अर्धा भाग बराचसा खरा आहे, दुसरा खरा नाही. शिक्षकाने समासात नुसते प्रश्नचिन्ह काढले तर विद्यार्थिनीने पुढे कोठे जावे? आणि काहीच न विचारता सही केली, तर त्या प्रकल्पातून ती काय शिकली?

अशा प्रसंगी शिक्षकाची अडचण बहुधा इच्छेची नसते, साधनांची असते. लहान महाविद्यालयांच्या ग्रंथालयांना महागड्या विज्ञानपत्रिका घेणे परवडत नाही. भारत सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली, पण तिचा पहिला टप्पा शासनाच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण व संशोधन संस्थांसाठी आखलेला आहे. संस्थाचालकांनी चालवलेल्या सामुदायिक महाविद्यालयांनी अन्य मार्ग शोधणे भाग आहे. ऊर्जेच्या विषयापुरता असा एक मार्ग अनेक वर्षांपासून विनामूल्य खुला आहे. तो म्हणजे सरकारी पैशाने झालेल्या ऊर्जा-संशोधनाचे सार्वजनिक डेटाबेस. त्यांपैकी सर्वांत मोठ्या संग्रहांत गणल्या जाणाऱ्या अमेरिकी ऊर्जा खात्याच्या डेटाबेसचा उपयोग कसा करावा आणि तेथे मिळालेल्या नोंदीवर किती विसंबावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

हे दफ्तर कसे उभे राहिले

अमेरिकेतील टेनेसी राज्यात ओक रिज नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबच्या गुप्त कामासाठी १९४२ साली ही जागा निवडण्यात आली. युद्ध संपल्यावर त्या कामातून निर्माण झालेल्या कागदपत्रांचे काय करावे, हा प्रश्न उभा राहिला. कोणते कागद गुप्त ठेवावयाचे आणि कोणते अभ्यासकांना द्यावयाचे, हे ठरवण्यासाठी व त्यांची सूची करण्यासाठी १९४७ पासून तेथे एक कार्यालय काम करू लागले. १९४८ ते १९७६ या काळात ‘न्यूक्लिअर सायन्स अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स’ या नावाने सारांशांचे नियतकालिक निघत असे. १९७७ साली अमेरिकेत स्वतंत्र ऊर्जा खाते स्थापन झाले आणि अणुऊर्जेबरोबरच कोळसा, सौरऊर्जा, पवनऊर्जा, जैवइंधने, इमारतींतील वीजबचत अशा विषयांचे अहवालही या कार्यालयाकडे येऊ लागले. त्याचे आजचे नाव ‘ऑफिस ऑफ सायंटिफिक अँड टेक्निकल इन्फर्मेशन’, संक्षेपाने ‘ओएसटीआय’, असे आहे.

छापील सूचींची जागा पुढे संगणकाने घेतली. ‘इन्फर्मेशन ब्रिज’ आणि ‘एनर्जी सायटेशन्स डेटाबेस’ ही या कार्यालयाची संकेतस्थळे जुन्या ग्रंथपालांना आठवत असतील. २०१३ साली ती ‘सायटेक कनेक्ट’ या एकाच संग्रहात विलीन झाली आणि पुढे तोही ‘ओएसटीआय डॉट गव्ह’ या मुख्य स्थळात सामावला गेला. त्यामुळे जुन्या पुस्तकांत वा टिपणांत दिलेले पत्ते उघडले नाहीत, तर माहिती नष्ट झाली असे समजू नये. शीर्षकावरून किंवा अहवाल क्रमांकावरून ती नव्या जागी सापडू शकते.

आज या संग्रहात तीस लाखांहून अधिक नोंदी आहेत. त्यांत केवळ अमेरिकेचे साहित्य नाही. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अहवालांच्या नोंदीही तेथे आढळतात. मात्र प्रत्येक नोंदीबरोबर संपूर्ण मजकूर असतोच असे नाही. कोठे अहवालाची पूर्ण प्रत मिळते, कोठे फक्त सारांश, तर कोठे केवळ शीर्षक व लेखकाचे नाव.

हे सारे खुले ठेवण्यामागे एक साधे तत्त्व आहे. ज्या संशोधनाचा खर्च करदात्यांनी सोसला, त्याचे फलित त्यांना पाहता आले पाहिजे. अमेरिकेच्या २००५ च्या ऊर्जा धोरण कायद्याने असे सार्वजनिक संग्रह सांभाळण्याची जबाबदारी या कार्यालयावर सोपवली. फेब्रुवारी २०१३ मध्ये तेथील सरकारने मोठ्या संशोधन खात्यांना सरकारी मदतीने लिहिलेले शोधनिबंध साधारणतः वर्षभरात खुले करण्याची सूचना दिली. त्यानुसार ऊर्जा खात्याने २०१४ साली निबंधांसाठी स्वतंत्र सोय केली. ऑगस्ट २०२२ च्या सूचनेत ही वर्षभराची सवलतही काढून टाकण्यास सांगण्यात आले. या धोरणाचा लाभ बेळगाव किंवा इंदूर येथील शिक्षकालाही मिळतो, कारण अहवाल वाचण्यासाठी तेथे नागरिकत्व विचारले जात नाही आणि शुल्कही द्यावे लागत नाही.

एका प्रकल्पाचे तीन कागद

या दफ्तरात शिरण्यापूर्वी एक भेद मनात पक्का असावा. एकाच सरकारी प्रकल्पाचे निदान तीन प्रकारचे कागद तयार होतात आणि तिन्हींचे वजन सारखे नसते.

पहिला कागद प्रकल्प मंजूर होतानाचा. त्यात उद्दिष्ट, कालावधी, संस्थेचे नाव व रक्कम असते. ‘या प्रकल्पातून अमुक विकसित केले जाईल’ अशी त्याची भाषा असते. ऊर्जा खात्याच्या विज्ञान विभागाने दिलेल्या अनुदानांचे सारांश, तसेच २००९ साली पहिला निधी मिळालेल्या ‘आर्पा-ई’ या संस्थेची प्रकल्पसूची, ही याची उदाहरणे होत. सरकारने कोणाला किती रक्कम दिली हे पाहण्यासाठी २००७ साली सुरू झालेले ‘यूएसए स्पेंडिंग’ हे स्वतंत्र संकेतस्थळ आहे.

दुसरा कागद म्हणजे तांत्रिक अहवाल. सरकारी मदत घेणाऱ्याने काम संपल्यावर काय केले, काय साधले व काय साधले नाही, हे सरकारला कळवावयाचे असते. ओक रिजच्या दफ्तराचा खरा गाभा हाच आहे.

तिसरा कागद विज्ञानपत्रिकेत छापलेला शोधनिबंध. तो बाहेरच्या तज्ज्ञांच्या नजरेखालून गेलेला असतो, पण त्यात बहुधा प्रकल्पाचा एखादाच भाग येतो.

विद्यार्थ्यांची आणि पुष्कळदा वर्तमानपत्रांचीही चूक होते ती येथे. पहिल्या कागदातील भविष्यकाळ उतरवून घेताना भूतकाळ होतो. ‘विकसित केले जाईल’ याचे ‘विकसित केले’ होते. क्रियापदाचा काळ बदलला की संकल्प हा शोध बनतो. म्हणून कोणत्याही नोंदीपुढे शिक्षकाने पहिला प्रश्न विचारावा तो हा, की हा कागद कामापूर्वीचा की कामानंतरचा?

शोध कसा घ्यावा

दफ्तराची भाषा इंग्रजी असल्याने शोधशब्दही इंग्रजी लागतात आणि ते रोमन लिपीतच टंकित करावे लागतात. मराठी अथवा उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला पहिली अडचण येथेच येते. त्यावर उपाय असा, की विषयाचे चार-पाच पर्यायी शब्द आधी वहीत लिहून घ्यावेत. ‘चूल’ या विषयासाठी ‘कुकस्टोव्ह’, ‘बायोमास स्टोव्ह’, तीन दगडांच्या चुलीसाठी ‘थ्री-स्टोन फायर’, काजळीसाठी ‘ब्लॅक कार्बन’ असे शब्द लागतील. दोन-तीन शब्द मिळून एकच संज्ञा होत असेल तर ती अवतरणचिन्हांत द्यावी, म्हणजे ते शब्द सुटे सुटे शोधले जात नाहीत.

निकालांची यादी शेकड्यांनी आली तर गोंधळून जाऊ नये. प्रकाशनवर्ष, साहित्याचा प्रकार, संस्था आणि पूर्ण मजकुराची उपलब्धता यांनुसार यादी कमी करता येते. पहिल्या प्रयत्नात पूर्ण मजकूर असलेले तांत्रिक अहवाल तेवढेच ठेवावेत. एक उपयुक्त अहवाल सापडला, की त्याच्या नोंदीतील विषयशब्द घेऊन पुन्हा शोध घ्यावा. दुसरा शोध पहिल्यापेक्षा नेमका होतो, असा अनुभव येतो.

प्रत्येक नोंदीत काही क्रमांक असतात. ते निरर्थक वाटतात, परंतु तपासणीचा धागा तेच आहेत. अहवाल क्रमांक संस्थेने दिलेला असतो. ‘डीओआय’ हा कागदाचा कायमचा पत्ता होय. संकेतस्थळाची रचना बदलली तरी त्यावरून कागद सापडावा, अशी त्यामागची योजना असते. या कार्यालयाने तांत्रिक अहवालांना दिलेले डीओआय ‘१०.२१७२’ या आकड्यांनी सुरू होतात. तिसरा क्रमांक कराराचा असतो व त्याची सुरुवात ‘डीई’ या अक्षरांनी होते. पुढील दोन अक्षरे बहुधा विभाग वा कराराचा प्रकार सांगतात. ‘एससी’ म्हणजे विज्ञान विभाग, ‘ईई’ म्हणजे ऊर्जा-कार्यक्षमता व नवीकरणीय ऊर्जा विभाग, ‘एआर’ म्हणजे आर्पा-ई.

करार क्रमांकाने शोध घेतल्यास एकाच अनुदानातून निघालेले अहवाल व निबंध एकत्र दिसू शकतात. मात्र येथे एक सावधगिरी हवी. ‘एसी’ अक्षरे असलेला करार बहुधा एखादी राष्ट्रीय प्रयोगशाळा चालवण्याचा असतो. खात्याच्या अशा सतरा प्रयोगशाळा आहेत. अशा एका करार क्रमांकाखाली त्या प्रयोगशाळेतील सर्व विषयांचे हजारो निबंध येतात. तो क्रमांक समान दिसला म्हणून दोन निबंध एकाच प्रकल्पाचे ठरत नाहीत.

संस्थांची नावे बदलतात, हेही ध्यानात ठेवावे. कोलोरॅडोतील गोल्डन येथील ‘सोलर एनर्जी रिसर्च इन्स्टिट्यूट’ १९७७ साली सुरू झाली. १९९१ साली तिचे नाव ‘नॅशनल रिन्यूएबल एनर्जी लॅबोरेटरी’ झाले आणि डिसेंबर २०२५ मध्ये ते ‘नॅशनल लॅबोरेटरी ऑफ द रॉकीज’ असे करण्यात आले. या संस्थेच्या अर्धशतकाचे काम पाहावयाचे तर तिन्ही नावांनी शोध घ्यावा लागेल.

शेवाळाच्या डिझेलची हकीकत

आता आरंभीच्या विद्यार्थिनीच्या विधानाकडे वळू. शेवाळ व डिझेल या अर्थाचे शब्द देऊन शोध घेतला असता ‘अ‍ॅक्वॅटिक स्पीशीज प्रोग्रॅम’ या नावाशी अभ्यासक पोहोचतो. ऊर्जा खात्याच्या या कार्यक्रमाचा काळ १९७८ ते १९९६. वर उल्लेखिलेल्या गोल्डन येथील संस्थेकडे त्याचे काम होते. कार्यक्रम बंद झाल्यावर जुलै १९९८ मध्ये एक सविस्तर आढावा प्रसिद्ध झाला व तो संपूर्ण उपलब्ध आहे.

या आढाव्यानुसार संपूर्ण कार्यक्रमावर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च झाले. संशोधकांनी शेवाळाचे तीन हजारांहून अधिक वाण गोळा केले व निवड करून त्यांतील सुमारे तीनशे जतन केले. न्यू मेक्सिकोतील रॉसवेल येथे एक हजार चौरस मीटरचे उघडे तलाव करून प्रत्यक्ष उत्पादन घेऊन पाहिले. पाण्यात सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वायू शेवाळाला वापरता येतो, हे तेथे दिसून आले. हे खरे यश होय. एखाद्या दिवशी चौरस मीटरमागे ५० ग्रॅमपर्यंत वाढ मिळाली. पण सरासरी सुमारे १० ग्रॅमच राहिली, कारण तेथील थंडी शेवाळाला मानवली नाही. खर्चाच्या हिशोबात तर उत्पादनाविषयी अत्यंत आशावादी गृहीतके धरूनही हे डिझेल तत्कालीन पेट्रोलियम डिझेलच्या दुप्पट महाग पडत होते.

म्हणजे ‘तयार करण्यात यश’ याला आधार आहे, ‘स्वस्त पर्याय’ याला नाही. आणि हे कार्यक्रमाच्या विरोधकाने सांगितलेले नसून कार्यक्रम राबवणाऱ्यांच्याच आढाव्यात नमूद आहे. विद्यार्थिनीच्या प्रकल्पातील एका वाक्याऐवजी आता तीन वाक्ये येतील, पण ती तिची स्वतःची असतील. त्यात तिने हेही लिहावे, की हा हिशोब १९९८ चा आहे. हा विषय तेथे संपला नाही. २०१० साली खात्याने शेवाळ-इंधनाचा नवा मार्गदर्शक आराखडा प्रसिद्ध केला. जुन्या अहवालाला आजचा निकाल मानणे हीसुद्धा चूकच ठरेल.

चुलीचा दाखला

दुसरे उदाहरण स्वयंपाकघरातले आहे. सुदानमधील दारफुर प्रांतात २००३ साली यादवी भडकल्यावर लाखो लोक छावण्यांत आले. तेथील स्त्रियांना सरपणासाठी तासन् तास पायपीट करावी लागे आणि वाटेत हल्ल्याचे भय असे. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ अशोक गाडगीळ यांनी २००५ साली तेथे जाऊन पाहणी केली. गाडगीळ हे मुंबई विद्यापीठाचे भौतिकशास्त्राचे पदवीधर. भारतातील एका धातूच्या चुलीत दारफुरच्या गरजेप्रमाणे फेरफार करून ‘बर्कले-दारफुर’ चूल तयार झाली. पुढे तिचे पत्र्याचे सपाट भाग मुंबईत कापून दारफुरमधील एल फाशर येथे जोडले जाऊ लागले.

या चुलीविषयी ‘धूर निम्मा करणारी चूल’ एवढे लिहून थांबता येईल. २०१४ साली प्रसिद्ध झालेला याच प्रयोगशाळेचा चाचणी-निबंध पाहिला, तर चित्र अधिक स्पष्ट होते. तेवढाच स्वयंपाक करण्यासाठी तीन दगडांच्या चुलीला जितके लाकूड लागे, त्याच्या सुमारे ६५ टक्के लाकूड या चुलीला लागले. कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर आला. धुरातील सूक्ष्म कणही निम्मे झाले. परंतु काजळी, म्हणजे ब्लॅक कार्बन, फक्त ३० टक्क्यांनी घटली. कण एकूण कमी झाले, पण उरलेल्या कणांत काजळीचे प्रमाण वाढले आणि ते सूर्यप्रकाश अधिक शोषणारे ठरले. सरपणाचा प्रश्न, श्वासाचा प्रश्न आणि हवामानाचा प्रश्न हे एकाच चुलीपुढचे तीन वेगळे प्रश्न आहेत व तिन्हींची उत्तरे सारखी नाहीत.

निबंधाच्या सारांशात आणखी एक गोष्ट सांगितली आहे. चाचणीच्या वेळी लाकूड सारण्याचा वेग ठरावीक मर्यादेत राखला होता, जेणेकरून निकालांत फार फरक पडू नये. घरात असे घडत नाही. लाकूड ओले असते, मूल रडते, भाकरी तव्यावर असताना जाळ कमी-जास्त करावा लागतो. तेव्हा हे आकडे प्रयोगशाळेचे आहेत, खानापूर तालुक्यातील घराचे नव्हेत, ही जाणीव विद्यार्थ्यांना द्यावी लागते.

वाचताना घ्यावयाची दक्षता

अनेक तांत्रिक अहवालांच्या आरंभी एक निवेदन छापलेले असते. सरकारी खर्चाने झालेल्या कामाचा हा वृत्तांत असला, तरी त्यातील माहितीच्या अचूकपणाची हमी सरकार वा त्याचे कर्मचारी देत नाहीत, असा त्याचा आशय असतो. वाचक हे पान उलटून पुढे जातो, पण वर्गात ते मुद्दाम वाचून दाखवावे. सरकारी मुद्रा म्हणजे सत्याची मुद्रा नव्हे, हे स्वतः सरकारनेच तेथे मान्य केलेले आहे.

अहवाल सापडला नाही म्हणून प्रकल्प फसला, असेही अनुमान काढू नये. व्यापारी उपयोगाची काही माहिती कायद्यानुसार ठरावीक काळ राखीव ठेवता येते. मंजूर झालेली रक्कम आणि खर्च झालेली रक्कम या दोन भिन्न गोष्टी आहेत. तसेच डॉलरचे आकडे त्या त्या वर्षाचे असतात. १९८० च्या डॉलरची आजच्या रुपयाशी सरळ तुलना केली तर निष्कर्ष हास्यास्पद होतील.

वर्गातील उपयोग

सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी पातळीसाठी पर्यावरण अभ्यासाचा सहा महिन्यांचा पाठ्यक्रम तयार केला, त्यात क्षेत्रकार्याला स्थान दिले. त्या निमित्ताने पुढील स्वाध्याय कोणत्याही शाखेच्या वर्गाला देता येईल.

चार-पाच विद्यार्थ्यांच्या गटाने वर्तमानपत्रातील ऊर्जाविषयक एक दावा निवडावा. त्याशी संबंधित प्रकल्पाची नोंद व अहवाल शोधावा. कागदाच्या डाव्या बाजूस ‘काय करावयाचे ठरले होते’ आणि उजव्या बाजूस ‘काय आढळले’ असे दोन स्तंभ करावेत. खाली वर्ष, चाचणीचे ठिकाण आणि अहवाल क्रमांक लिहावा. शेवटी सारा आशय आपल्या भाषेत, मराठीत वा उर्दूत, दहा ओळींत मांडावा. हा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. इंग्रजी सारांश चिकटवता येतो, पण दहा ओळी स्वतःच्या भाषेत लिहावयाच्या तर तो समजावाच लागतो. महाविद्यालयात एकच संगणक असेल तर शिक्षकाने दोन-तीन अहवालांची निवडक पाने छापून गटांत वाटावीत. स्वाध्यायाला त्याने बाधा येत नाही.

समारोप

मराठीत ‘संशोधन’ हा शब्द शुद्ध करणे, पारखणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. उर्दूत त्यासाठी ‘तहकीक’ हा शब्द आहे. त्याचे मूळ अरबी ‘हक’, म्हणजे सत्य. मराठीतील ‘हकीकत’ हा शब्दही त्याच मुळाचा. दोन्ही भाषांनी संशोधनाला नवे काही शोधून काढण्याइतकाच, जे सांगितले जाते ते पारखून घेण्याचा अर्थ दिलेला आहे.

ओक रिजचे दफ्तर मोठे आहे, पण ते पारखण्याचे काम करीत नाही. ते फक्त कागद समोर ठेवते. मंजुरीच्या नोंदीपासून अहवालापर्यंत आणि अहवालापासून चाचणीच्या अटींपर्यंत चालत जाण्याचे काम वाचकालाच करावे लागते. आरंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीच्या प्रकल्पावर सही करण्यापूर्वी शिक्षकाने तिला एक अहवाल क्रमांक लिहून द्यावा आणि आठवड्याची मुदत द्यावी. त्या आठवड्यात ती जे शिकेल, ते शेवाळापुरते मर्यादित राहणार नाही.